पांढऱ्या कड्याचे बांबू

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार तुला, आणि मामीला थोडा जास्त, कारण तुला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे.

तुझे बारा बांबू पोचले. टेम्पोवाल्यांनी ते लॅबच्या दारात असे काही उतरवले की आमच्या सरांचा चहा सांडला. ते असो. बातमी वेगळीच आहे आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

आमची परीक्षा तुला माहीतच आहे. दोन टेकूंवर बांबू आडवा ठेवायचा, वरून मशीनने हळूहळू दाबायचा, आणि किती वजनाला मोडतो ते लिहून घ्यायचं. पहिला मोडला चारशे सत्तर किलोला. दुसरा चारशे पंचावन्न. तिसरा चारशे ऐंशी! मी सरांना म्हटलं, बघा, माझ्या मामाच्या बांबूच्या बेटातला माल आहे हा. तेवढ्यात चौथा बसला दोनशे दहाला. कट्टकन. मला वाटलं मशीनच घसरलं. पण शेवटी हिशोब असा निघाला: सात बांबू पक्के, पाच एकदम पोचट. अधलंमधलं काही नाहीच.

सगळ्यांवर पांढरं कडं आहे. मी तीनदा पाहिलं. चार वर्षांपूर्वी तुला चार डबे मीच आणून दिले होते ना? पांढरा, निळा, हिरवा, पिवळा. ज्या वर्षी जो बांबू जमिनीतून वर येईल त्याला त्या वर्षाच्या रंगाचं कडं मारायचं, म्हणजे वय विचारायला नको. यंदा पांढऱ्याची तोड, कारण पांढरे चार वर्षांचे झाले. मग एकाच वयाची, एकाच बेटातली भावंडं अशी कशी? कीड लागली होती का? बेटाच्या एका बाजूला पाणी साचतं का?

सर म्हणतात, "म्हणूनच लोक लोखंड वापरतात." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि मामा, शाळेच्या नव्या वर्गाचं छप्पर कुठवर आलं? अजून चढवलं नसशील तर जरा थांब.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरीबाई,

थांब म्हणे! छप्पर चढून आठ दिवस झाले. चाळीस बांबू, सगळे पांढऱ्या कड्याचे, त्याच तोडीतले. शाळेच्या मोठ्या बाई रोज संध्याकाळी येऊन खाली उभ्या राहतात आणि मान वर करून बघतात. पाच एप्रिलला मुलं तिथे बसायला जाणार आहेत. एकवीस मुलं. त्यातली निम्मी आत्ताच्या वर्गात दाटीवाटीने बसून एकमेकांच्या वहीत लिहितात.

पोचट हा शब्द तू माझ्या बांबूला लावलास. बरं. आता मी विचारतो. ते मशीन किती वर्षांचं आहे? त्याला कुणी कडं मारलंय का?

कीड नाही. पाणी साचत नाही. कीड लागू नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात दहा दिवस बुडवून, सावलीत उभे करून वाळवले, तू दिलेल्या कागदावर लिहिलंय तसंच. पूर्वी मी काय करायचो? कोयत्याची पाठ बांबूवर ठोकायची, आवाज ऐकायचा, तोडायचं. तीस वर्षं तेच केलं. तू आलीस आणि म्हणालीस, मामा, अंदाज नको, नोंद हवी, आजपासून ठोकणं बंद. मी बंद केलं. तोडणाऱ्यांना सांगून ठेवलंय, पांढरं दिसलं की तोडा, माझ्याकडे बघू नका. दरवर्षी डोळ्यात तेल घालून एकेका कोंबाला कडं मारलंय मी, दुसऱ्या कुणाला ब्रशला हात लावू दिला नाही. एवढं करून तुझं मशीन म्हणतं पोचट. त्या मशीनलाच एकदा कोयत्याच्या पाठीने ठोक.

मामी बरी आहे. तुझं अक्षर हल्ली फार बारीक झालंय. मोठं काढत जा.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मशीनला ठोकलं नाही, पण तपासणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने माहीत असलेली वजनं ठेवून पाहिली. मशीन किलोभरही चुकत नाही. मग मला वाटलं आमच्याकडेच दुसऱ्या कुणाचे बांबू त्यात मिसळले. रखवालदारकाकांना इतके प्रश्न विचारले की ते आता मला बघून वाट बदलतात. पण आमच्याकडे सध्या दुसरे बांबूच नाहीत! मग टेम्पोवाल्यांवर संशय घेतला. ते म्हणाले, "ताई, वाटेत बांबू बदलून मला काय मिळणार?" खरंच, काय मिळणार?

एक नवीनच कोडं. मोडलेल्या बांबूंचे वीतवीतभर तुकडे कापून मी भट्टीत वाळवले. पक्क्यांचे तुकडे होते तसेच राहिले. पोचटांचे सुरकुतले, आत दबले. वजनही खूप घटलं, म्हणजे आत पाणी जास्त होतं. असं का व्हावं?

तू अजून बारा पाठव, त्याच पांढऱ्यांतले. आणि माझा निरोप मोठ्या बाईंना दे, निकाल येईपर्यंत मुलांना छपराखाली नेऊ नका.

अक्षर मोठं काढलंय, बघ. तुझं मागचं पत्र हिरव्या शाईत का होतं? छान दिसत होतं, एखाद्या साहेबाने शेरा मारावा तसं.

तुझी,
भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

कसली हिरवी शाई? निळ्या पेनाने लिहिलं मी. माझ्या खिशात आहे ते पेन, आत्ताही त्यानेच लिहितोय. तुमच्या लॅबमधले दिवे बदलून घ्या.

सुरकुत्या कोवळ्या बांबूला पडतात, एवढं तर माझ्या बेटातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. कोवळा रसाने भरलेला असतो, वाळला की आक्रसतो. माणसाच्या उलट. त्यामुळे मला आता लख्ख कळलं काय झालंय ते. तुम्ही कुणाचे तरी कोवळे बांबू माझ्या नावावर मोडलेत. मी पाठवले ते पांढरे, पांढरे म्हणजे चार वर्षांचे, आणि चार वर्षांचा बांबू सुरकुतत नाही. संपला विषय.

बारा पाठवतोय. या वेळी टेम्पोवाल्यांना बजावलंय, थेट तुझ्याच हातात द्यायचे.

मोठ्या बाईंना तुझा निरोप दिला. त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, "तुमच्या भाचीला शंका आहे की तुम्हाला?" मी म्हटलं, मला कसली शंका!

मामा

भिंगरी, हे मी खाली लिहिते आहे. ह्यांना सांगू नकोस. तुझं अक्षर मोठं झालं तरी पत्रं मीच वाचून दाखवते. म्हणतात, तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. परवा दिवा लावला तर म्हणाले, दिव्याभोवती किती सुंदर कडं दिसतंय. मला काही दिसलं नाही. एवढ्या वर्षांत ह्यांनी कशालाच सुंदर म्हटलेलं नाही, त्यामुळे मला जरा धास्ती वाटली. बाकी सगळं ठीक. - मामी


१४ मार्च

मामा,

दुसऱ्या बारांचा निकाल आला. सात पक्के, पाच पोचट. पुन्हा पाच. या वेळी बांबू उतरल्यापासून मोडेपर्यंत मी त्यांच्याजवळून हलले नाही, डबाही तिथेच बसून खाल्ला. अदलाबदल झालेली नाही. पोचटांचे तुकडे पुन्हा सुरकुतले.

तूच लिहिलंस, सुरकुततो तो कोवळा. म्हणजे तुझ्याकडूनच कोवळे येतायत. वर्षभराचे असतील, फार तर.

मी चार दिवस हे पत्र लिहायचं टाळत होते. पण छपरात चाळीस बांबू आहेत. चोवीसात दहा, या हिशोबाने त्या चाळीसात सोळा-सतरा कोवळे असणार. खाली एकवीस मुलं.

म्हणून विचारते, रागावू नकोस. छपराची घाई होती. पांढरे कमी पडले का? पडले असतील आणि तू कोवळ्यांना पांढरं कडं मारून वेळ भागवली असशील तर मला सांग. मी कुणाला बोलणार नाही. पण सांग. नाहीतर मला मोठ्या बाईंना स्वतःच पत्र लिहावं लागेल.

मामीला सांग, तिचं पत्र मिळालं. दिव्याचं मला काही समजलं नाही, पण तू कशाचं तरी कौतुक केलंस हे वाचून बरं वाटलं.

भिंगरी


२० मार्च

चि. भाचीस,

मामीने तुझं पत्र वाचून दाखवलं. मध्येच थांबली. मी म्हटलं, पूर्ण वाच.

तुझी आई माझी मोठी बहीण. लहानपणी तिने मला झाडाला बांधून ठेवलंय, माझ्या वाटचं खाल्लंय, पण मला खोटारडा ती कधी म्हणाली नाही. ते तुझ्यासाठी राहिलं होतं.

मी कुठल्याही कोवळ्याला पांढरं कडं मारलेलं नाही. गेल्या वर्षी जेवढे कोंब वर आले तेवढ्यांना पिवळं मारलं, तुझ्या कागदाप्रमाणे. चार दिवस लागले. पटत नसेल तर पुरावा पाठवतोय. टेम्पोवाल्यांबरोबर पिवळ्याचा डबा दिलाय, त्यातूनच शेवटची कडी मारली. उघडून बघ, तळाला गेलाय की नाही. मी रंग मारलाच नाही असं तरी म्हणणार नाहीस.

डबा परत पाठवू नकोस. यापुढे कडी तूच मार.

मामा


२२ मार्च

मामा, माझ्या मामा,

डबा उघडला. तळाला गेलाय. तू रंग मारलास.

पण रंग पांढरा आहे.

मी खिडकीशी नेला. सरांना दाखवला, रखवालदारकाकांना दाखवला. कुणालाच पिवळा दिसला नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि मग सगळं एकेक करून माझ्यासमोर आलं. हिरवी शाई. माझं बारीक अक्षर. मामीने पत्रं वाचणं. दिव्याभोवतीचं कडं. माझ्या लॅबशेजारीच डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू. पांढरा आणि पिवळा एकसारखे दिसतात, निळा आणि हिरवासुद्धा.

म्हणजे गेल्या वर्षी त्या चार दिवसांत तू कधी हा डबा उचललास, कधी तो. निम्म्या कोंबांना पिवळं बसलं, निम्म्यांना पांढरं. आणि तोडणाऱ्यांना आपण दोघांनी मिळून सांगून ठेवलं होतं, पांढरं दिसलं की तोडा.

मी तुला काय काय बोलले! मला माझीच लाज वाटते. कोयत्याची पाठ ठोकू नकोस म्हणणारी मीच. तू ठोकला असतास तर तो कोवळा बांबू तुझ्या हातून सुटला असता का? मी तुझे कान बंद केले आणि तुझ्या डोळ्यांवर सगळा भार टाकला, आणि डोळे कसे आहेत हे एकदाही विचारलं नाही.

कधीपासून? मला का नाही सांगितलंस?

आता छप्पर. आधी मोठ्या बाईंना जाऊन सांग, पाच एप्रिल रद्द. मग असं कर. कड्याकडे न बघता बारा नवे बांबू ठोक. आवाजावरून कुठला पक्का, कुठला कोवळा ते सांग, मामी नंबर घालून लिहील. यादी पाकिटात बंद करून बांबूंबरोबर पाठव. मी आधी मोडेन आणि मग पाकीट उघडेन. तुझा कान खरा ठरला तर छपरातले कोवळे तेवढे ठोकून शोधता येतील आणि बाकीचं छप्पर वाचेल.

टेम्पोवाले तुझ्याकडे थांबणार आहेत. त्यांना जेवायला घाल, या प्रकरणात त्यांचे फार हाल झालेत.

तुझी,
भिंगरी


२८ मार्च

भिंगरे,

हे मामी लिहितेय, मी सांगतोय. लपवायचं तर आता काही उरलं नाही.

दोन वर्षं झाली. आधी वाटलं धुकं आहे. मग उन्हाळ्यातही धुकं जाईना तेव्हा कळलं. का नाही सांगितलं विचारतेस. तू ते डबे घेऊन आलीस तेव्हा काय ऐटीत आली होतीस! म्हणालीस, मामा, तू आता माझ्या संशोधनातला भागीदार. आयुष्यात मला बांबूवाला सोडून कुणी काही म्हटलं नव्हतं. डोळे गेले म्हटलं असतं तर तू डबे दुसऱ्या कुणाला दिले असतेस. मला ते द्यायचे नव्हते. एवढंच कारण. मूर्खपणा आहे, पण खरं ते हेच.

मला वाटायचं मी बरोबर मारतोय. डाव्या हाताचा डबा पांढरा, जुनी पुसटलेली कडी उजळायला, उजव्याचा पिवळा, नव्या कोंबांना, असं मनाशी ठरवून ठेवलं होतं. दुपारी जेवायला उठलो की डबे आत कोण ठेवायचं? मामी. ती कुठला कुठे ठेवते याच्याशी माझ्या डाव्या-उजव्याचा काय संबंध!

(हे मी लिहिते आहे म्हणून सांगते, मी डबे नीटच ठेवायचे. - मामी)

मोठ्या बाईंना सांगितलं, पाच तारीख विसरा. का ते नाही सांगितलं. जीभ वळली नाही.

बारा ठोकलेत. यादी पाकिटात आहे. चार वर्षांनी कोयत्याची पाठ बांबूवर ठोकली. पण आवाज ओळखीचा निघाला. पक्का ठणठणतो, कोवळा थपथपतो. सातव्याला जरा थांबलो, मग पक्का म्हणालो. तू मोड. मी वाट बघतो. वाट बघायला डोळे लागत नाहीत.

मामा


८ एप्रिल

प्रिय मामा,

आधी मोडले, मग पाकीट उघडलं. सर शेजारी उभे होते, रखवालदारकाकाही.

बारातले अकरा बरोबर.

सरांनी टाळी वाजवली. म्हणाले, "या माणसाच्या कानावर आपण पुढचं सगळं काम करू." ठोकल्यावरचा आवाज मोजायचं यंत्र ते खरोखरच मागवतायत. मी आनंदाने रडले आणि मग यादी पुन्हा हातात घेतली.

कारण सातवा. तू पक्का म्हणालास. तो दोनशे पंधराला गेला.

दोन दिवस कागदावर आकडे मांडते आणि खोडते. बारात एक, म्हणजे चाळीसात तीन तरी चुकणार. शिवाय छपरातले बांबू घट्ट बांधलेले, तिथे आवाज इतका मोकळा येणार नाही. कधी वाटतं, अकरा म्हणजे केवढं! कधी वाटतं, त्या सातव्याखाली कुठलं मूल बसणार? तुला काय लिहावं तेच कळेनासं झालंय.

पण इंजिनियर म्हणून एक वाक्य लिहावंच लागेल. या छपरावर मी सही करू शकत नाही, मामा. तुझ्या कानाच्या भरवशावरही नाही.

डॉक्टरीणबाईंनी तुला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीस तारीख दिली आहे. मी येतेय तुला घ्यायला. नाही म्हणू नकोस.

तुझी,
भिंगरी


१६ मे

भिंगरे,

हे पत्र मी लिहितोय. स्वतः. निळ्या शाईत. मामीने खात्री करून दिली आहे, तरी मी पुन्हा बघितलं.

तू आलीस, दवाखान्यात मला सोडलंस, पट्टी सुटायच्या आधी परत पळालीस. तुझ्या लॅबच्या त्या समितीची बैठक होती म्हणे! त्यामुळे एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मामीला मी शपथ घातली होती.

तुझं आठ तारखेचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी छप्पर उतरवलं. सगळं. चाळीसच्या चाळीस. त्यात वीसेक तरी चांगले होते हे मला माहीत होतं, पण कुठले वीस, हा प्रश्न होता. गाव जमलं. पोरं आली. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, एवढं सुंदर झालं होतं, का मोडताय?" मी शिडीवर होतो. वाटलं, सांगावं की वाळवी लागली. मग वरूनच मोठ्याने म्हणालो, मला दिसत नाही. दोन वर्षांपासून दिसत नाही. मी कोवळे बांबू घातलेत आणि कुठले ते मला ओळखू येत नाहीत. मग मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मग आधी शिडीवरून खाली या तुम्ही!" बाकीचं त्यांनी आणि पोरांच्या आयांनी उतरवलं.

पट्टी सुटल्यावर घरी आलो तो थेट बेटात गेलो. अगं, काय करून ठेवलंय मी! एका बांबूला पांढरं, त्याच्या सख्ख्या शेजाऱ्याला पिवळं, एकाला तर दोन्ही. वेडा रंगारी फिरून गेल्यासारखं. मी तिथे उभा राहून इतका हसलो की मामी धावत आली. आता एकेक ठोकून, नीट बघून, चुकलेली कडी खरवडतोय. नव्या छपरासाठी चाळीस नाही, साठ तोडणार आहे. त्यातले वीस तुझ्या मशीनला. त्यातला एक जरी दोनशेला बसला तर छप्पर चढणार नाही, असं मोठ्या बाईंना लिहून दिलंय. पावसाळ्याआधी होणार नाही. पोरं तोवर एकमेकांच्या वहीत लिहितील.

आणि एक. दवाखान्यात तू आपल्या तिघांचा फोटो काढून घेतला होतास ना? परवा त्याची प्रत आली. मी खिडकीत नेऊन बघितला. मी पट्टी बांधून बसलोय, मामी रागावलेली आहे, आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी आहेस. तुझ्या कानामागे केसांची एक बट आहे. मला वाटलं, डोळा अजून नीट बसला नाही. मामीला विचारलं, ती बट कुठल्या रंगाची? ती म्हणाली, पांढरीच.

मी दोन वर्षं तुझ्याकडे नुसता बघत होतो.

कधीपासून? मला का नाही सांगितलंस?

तुझा मामा